पोरगी एवढं खेळते तरी वजन वाढतंय आणि धाकटा टेन्शन आलं की जेवतच नाही, असं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. थोरली १० वर्षांची, वर्षभरात ७ किलो वजन वाढलं म्हणून तिला स्विमिंग आणि बॅडमिंटन असे दोन क्लास लावले, पण क्लासवरून आली की ती खाण्यावर तुटून पडते आणि काटा काही खाली येत नाही. धाकटा ७ वर्षांचा, परीक्षा असली किंवा शाळेत काही बिनसलं की त्याचं जेवण बंद, सकाळी पोटात दुखतं म्हणतो, वजन जेमतेम वाढलंय. घर एकच, स्वयंपाक एकच, मग दोघांचं असं उलटं कसं, मुलीचा व्यायाम अजून वाढवू का आणि दोघांचं रोज वजन करू का.

मी २२ वर्षं मुलांची डॉक्टर म्हणून काम करतेय आणि यातला एक तरी प्रश्न दर आठवड्याला येतोच. तुमच्याकडे दोन्ही टोकं एकाच घरात आहेत म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण दोघांच्या खाण्यामागे मला एकच गोष्ट दिसतेय, ती म्हणजे ताण. व्यायामाचा खरा उपयोग तो ताण कमी करायला आहे, आणि व्यायामच ताण बनला की सगळं उलटं फिरतं.

आधी मुलीचा हिशोब बघू. ४० किलोच्या आसपासचं मूल अर्धा तास सलग, बऱ्यापैकी जोरात पळलं किंवा पोहलं तर साधारण १५० कॅलरी खर्च होतात. वाचायला बरं वाटतं, पण एकदा क्लासला जाऊन घड्याळ लावून बसा आणि मूल प्रत्यक्ष किती मिनिटं हलतंय ते मोजा. नंबर लागायची वाट बघणं, कोचचं बोलणं ऐकणं, मैत्रिणीशी गप्पा, हे सगळं वजा केलं तर तासाभराच्या क्लासात अर्धा तास उरतो, कधीकधी तेवढाही नाही. आणि परत येताना हातात दिलेली अर्ध्या लिटरची स्पोर्ट्स ड्रिंकची बाटली म्हणजे सुमारे ३० ग्रॅम साखर, १२० कॅलरी. म्हणजे जवळजवळ सगळा खर्च घरी यायच्या आधीच भरून निघाला. तासभर खेळणाऱ्या मुलाला त्या बाटलीची गरजच नसते, साधं पाणी पुरतं. ही एक गोष्ट उद्यापासून बंद करता येईल आणि त्यासाठी मुलीला काही बोलायचीही गरज नाही, पाण्याची बाटली द्यायची, बस्स.

दुसरं असं की शरीर भरपाई करतं. संध्याकाळी क्लासला दमलेलं मूल उरलेला वेळ सोफ्यावर काढतं, जिने चढत नाही, भावाशी मस्ती करत नाही. दिवसभराची बेरीज केली तर क्लास लावण्याआधी आणि नंतर फार फरक पडलेला नसतो. मुलांना जास्त हलतं करण्यासाठी केलेल्या बऱ्याच उपक्रमांचे निकाल एकत्र करून २०१२ मध्ये एक आढावा आला, त्यात दिवसाला सरासरी जेमतेम ४ मिनिटांची जादा हालचाल दिसली होती. आणि इंग्लंडमध्ये प्लिमथला मुलांना वर्षानुवर्षं फॉलो करून जो अभ्यास झाला त्यात आणखी एक गोष्ट दिसली, आधी शरीरातली चरबी वाढली आणि मग मूल हळूहळू कमी हलायला लागलं, उलटं नाही. म्हणजे 'आळशी आहे म्हणून जाड झाली' हे वाक्य आपण जितक्या खात्रीनं बोलतो तितकं ते खरं नाहीये, आणि मुलीच्या कानावर तर ते अजिबात पडू नये.

आता क्लासवरून आल्यावरची भूक. बऱ्याच पालकांना वाटतं व्यायामानं भूक वाढते म्हणून ती तुटून पडते. खरं तर जोरदार व्यायामानंतर थोडा वेळ भूक कमीच होते, कारण भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन खाली जातं आणि पोट भरल्याची जाणीव देणारी हार्मोन्स वर जातात, जास्त वजनाच्या मुलांमध्ये तर जोराच्या व्यायामानंतरच्या जेवणात खाणं कमी झालेलंही दिसलंय. मग ती तुटून का पडते? मी विचारते तेव्हा बहुतेक घरात उत्तर एकच निघतं, शाळेत दुपारी १२ ला डबा खाल्ला, त्यातला अर्धा परत आला, ५ ला क्लास, ६:३० ला घरी. साडेसहा तास पोटात काही नाही. ही व्यायामाची भूक नाही, ही दुपारची भूक आहे. स्विमिंगची मात्र गोष्ट वेगळी, गार पाण्यात व्यायाम केल्यावर माणूस जास्त खातो हे मोठ्या माणसांवरच्या प्रयोगात दिसलंय, आणि पोहून आलेल्या मुलांची भूक बघितलेल्या कुठल्याही आईला ते सांगावं लागत नाही. तेव्हा क्लासच्या तासभर आधी तिला नीट काहीतरी खायला द्या, फळ आणि सोबत दूध किंवा अंडं असं, ज्यात प्रोटीन आहे. आल्यावर आधी पाणी, गरम कपडे, आणि शक्य असेल तर जेवणच लवकर वाढा. बिस्किटांचा डबा आणि जेवण यांच्यात दीड तासाची पोकळी राहिली की तो डबा संपणारच, त्यात तिचा काही दोष नाही.

म्हणजे व्यायाम सोडून द्यायचा का? अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना सांगतात की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी, आणि आठवड्यातले किमान ३ दिवस दम लागेल अशी आणि स्नायू, हाडं बळकट करणारी. 'सरासरी' हा शब्द लक्षात ठेवा, एखाद्या दिवशी काहीच झालं नाही तर आभाळ कोसळत नाही. व्यायामानं काट्यावरचा आकडा हलला नाही तरी आतमध्ये बरंच काही सुधारतं, इन्सुलिन नीट काम करतं, पोटाभोवतीची चरबी कमी होते, हाडं मजबूत होतात, झोप गाढ लागते आणि मूड सुधारतो. या शेवटच्या दोन गोष्टी वजनाच्या गप्पांमध्ये कुणी धरतच नाही, आणि माझ्या मते खाण्यावर सगळ्यात जास्त परिणाम त्यांचाच होतो.

आता ताणाकडे येते, कारण दोन भावंडांचं उलटं का, याचं उत्तर इथे आहे.

ताण आला की शरीर दोन टप्प्यांत वागतं. पहिला टप्पा पळा किंवा लढा असा, ॲड्रेनॅलिन वाढतं, मेंदूतून सीआरएच नावाचं हार्मोन सुटतं आणि ते भूक दाबतं, पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो, म्हणून पेपरच्या सकाळी घास फिरतो तोंडात पण गिळला जात नाही. दुसरा टप्पा ताण लांबला की येतो. कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन सतत थोडं चढलेलं राहतं, ते भूक वाढवतं, त्यातही गोड आणि तळलेल्याची ओढ लावतं कारण ते खाल्ल्यावर मेंदूला घटकाभर खरंच बरं वाटतं, आणि चरबी पोटाभोवती साठायला मदत करतं. लहान मुलं बहुतेक पहिल्या टप्प्यातच अडकतात, टेन्शन आलं की जेवण बंद. वय वाढतं, फ्रिज स्वतः उघडता येतो, आणि खाल्ल्यावर बरं वाटतं हे एकदा कळलं की हळूहळू दुसरी सवय लागते. तुमचा ७ वर्षांचा पहिल्यात आहे, १० वर्षांची दुसऱ्यात चाललीये. स्वभावाचा भाग आहेच, पण ब्रिटनमधल्या जुळ्या मुलांच्या अभ्यासात असं दिसलं की मनःस्थितीनुसार कमी-जास्त खाणं हे जीन्सपेक्षा घरातल्या वातावरणातून जास्त येतं. मला ही फार चांगली बातमी वाटते, कारण जीन्स बदलता येत नाहीत, घरातल्या सवयी बदलता येतात.

घरातल्या कुठल्या सवयी? मूल पडलं, रडलं, की हातात चॉकलेट. मार्क चांगले आले की आइस्क्रीम, वाईट आले की आइस्क्रीम बंद. आपण प्रेमानंच करतो हे, मीही माझ्या मुलाच्या बाबतीत केलंय. पण त्यातून मूल शिकतं की मनात काही झालं की तोंडात काहीतरी टाकायचं. आणि याच्या उलट बाजूनंही तेच होतं, अमेरिकेत १९९९ मध्ये छोट्या मुलांवर प्रयोग झाला होता, एक खाऊ समोर दिसतोय पण खायला ठराविक वेळच मिळतो असं ठेवलं, तर मुलांचं सगळं लक्ष त्याच खाऊकडे, त्याच्याबद्दलच बोलणं, तो मागणं. कपाटाला कुलूप लावून, 'तुला नाही, दादाला आहे' असं म्हणून वजन कमी झालेलं मूल मी २२ वर्षांत पाहिलेलं नाही, लपून खायला लागलेली मात्र खूप पाहिलीत. जो पदार्थ घरात रोज नको वाटतो तो सगळ्यांसाठीच आणू नका, वजन कमी असलेल्या धाकट्यासाठी सुद्धा वेगळा साठा नको. आणि जेव्हा आणाल तेव्हा सगळ्यांनी टेबलावर बसून मजेत खा.

झोपेचं वेगळं सांगते कारण इथे जवळजवळ प्रत्येक घर चुकतं. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, १३ ते १८ ला ८ ते १०. आता तुमच्या मुलीचा दिवस मांडा, क्लास, मग होमवर्क, मग जेवण, मग थोडा स्क्रीन, ११ वाजतात, सकाळी ६ ला उठायचं. सात तास. अपुऱ्या झोपेनं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं, चिडचिड वाढते, आणि दुसऱ्या दिवशी हालचाल आपोआप कमी होते. म्हणजे वजनासाठी लावलेला दुसरा क्लासच झोप खाऊन वजन वाढवत असेल अशी पूर्ण शक्यता आहे! माझ्याकडे ११ वर्षांचा एक मुलगा यायचा, आठवड्याला तीन वेगवेगळे खेळ, तिन्ही वजनासाठी लावलेले, त्यातला एकच त्याच्या आवडीचा होता. आम्ही दोन बंद केले, त्याला आवडायचा तो सायकलचा ग्रुप ठेवला, रात्रीचं झोपणं तासभर अलीकडे आणलं, संध्याकाळचं खाणं वेळेवर केलं. आठ महिन्यांत वजन एक किलोही कमी झालं नाही, आई थोडी नाराज होती. पण तेवढ्या वेळात तो ५ सेंटीमीटर वाढला होता आणि वजन तिथेच होतं, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा, खाली आला होता. वाढत्या वयाच्या बऱ्याच मुलांमध्ये एवढंच हवं असतं, वजन उतरवायचं नाही, उंचीला त्याच्यापर्यंत पोचू द्यायचं.

म्हणून मुलीचं 'वर्षात ७ किलो' हे मी उंचीशिवाय वाचूच शकत नाही. १० वर्षांची म्हणजे वयात यायच्या उंबरठ्यावर, या वयात बऱ्याच मुली आधी भरतात आणि मग उंच होतात. ७ किलो हे नेहमीपेक्षा जास्तच आहे, पण त्या वर्षात ती ८ सेंटीमीटर वाढली असेल तर चित्र एक आणि ३ वाढली असेल तर पूर्ण वेगळं. वय आणि लिंगानुसार बीएमआयचा तक्ता असतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ५ वर्षांपुढे +१ रेषेच्या वर जास्त वजन आणि +२ च्या वर लठ्ठपणा धरतात, मोठ्यांचे २५ आणि ३० हे आकडे मुलांना लावू नका. आणि डॉक्टर म्हणून मी आधी एक गोष्ट बघते, नुसत्या खाण्यापिण्यानं वजन वाढलेलं मूल सहसा वयाच्या मानानं उंच असतं. वजन वाढतंय पण उंची थांबलीये असं असेल तर थायरॉइड किंवा कॉर्टिसोलचा आजार शोधावा लागतो. मानेची कातडी काळी, जाड, मखमलीसारखी दिसत असेल (मळ समजून घासत बसू नका) तर इन्सुलिनची गडबड असू शकते, रोज मोठ्यानं घोरत असेल तर झोपेत श्वास अडकतोय का ते बघायला हवं. काही औषधांनीही वजन वाढतं, स्टिरॉइड, फिट्सवरची काही औषधं, काही मानसिक आजारांवरची. ती मनानं बंद करायची नाहीत, फक्त डॉक्टरांना आठवण करून द्यायची.

आता व्यायामच ताण कसा बनतो ते. क्लासमध्ये सगळ्यांसमोर वजन करणं, जाड मुलांना वेगळ्या रांगेत पळवणं, 'हे खाल्लंस ना, आता दहा राउंड मार' असं म्हणणं. घरच्यांनी किंवा मित्रांनी वजनावरून चिडवलेल्या मुलांचं वजन पुढे जास्त वाढतं, कमी होत नाही, आणि चोरून खाणं, उपाशी राहणं, डाएटचं वेड हेही त्यांच्यात जास्त दिसतं. दुसऱ्या टोकाचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. १३ वर्षांची मुलगी, चांगली पळणारी, कोचनं सांगितलं दोन किलो कमी कर, टायमिंग सुधारेल. तिनं पाच कमी केले. घरी सगळे खूश, आणि मीही पहिल्या भेटीत 'छान फिट झालीस' म्हणाले. पाळी सहा महिने आली नव्हती आणि मी ते विचारलंच नव्हतं. पायाच्या हाडाला बारीक फ्रॅक्चर झाल्यावर सगळं उलगडलं. खेळाच्या मानानं खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळी, मग हाडं, मग मन यातून काटकसर करतं, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये याला वेगळं नाव देऊन इशारा दिलाय, आणि हे मुलग्यांमध्येही होतं. तेव्हापासून वजन कमी झालेल्या कुठल्याही मुलाचं मी कौतुक करत नाही, आधी विचारते कसं कमी झालं.

तुमच्या मुलीला एकटीला बसवून विचारा की दोनपैकी कुठला क्लास आवडतो. दोन्ही नाही म्हणाली तर दोन्ही थांबवा, आणि मैत्रिणींबरोबर धावपळ, नाच, सायकल, जे तिला स्वतःहून करावंसं वाटतं ते रोज होऊ द्या. वजनाचा शब्द न काढता.

धाकट्याचं. सकाळचं पोटदुखणं शाळेच्या दिवशीच असतं आणि सुट्टीत गायब होतं का ते दोन आठवडे बघा. तसं असेल तर ते बहुतेक ताणाचं आहे, पण नाटक नाही, ताणात आतडी खरंच आवळतात आणि खरंच दुखतं. 'काही नाही होत, खा' म्हणून घास कोंबला तर शाळेच्या टेन्शनमध्ये जेवणाचं टेन्शन मिळतं, आणि टेबलावर बसायच्या आधीच त्याची भूक मेलेली असते. माझा नियम सोपा आहे, काय वाढायचं, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलानं. हाच नियम थोरलीलाही. सकाळी त्याला थोडंसंच, पातळ किंवा मऊ काहीतरी द्या, आणि खरं जेवण अशा वेळी ठेवा जेव्हा तो सैल असतो, बहुतेक संध्याकाळी. जेवणाआधी अर्धा तास बाहेर नुसतं खेळू द्या, स्पर्धा नको, शिकवणी नको. पळून आलेल्या, हसलेल्या मुलाचा ताण उतरतो आणि थोड्या वेळानं भूक आपसूक लागते, व्यायामाचा इथे उपयोग वजन घटवायला नाही तर वाढवायला होतो, हे पालकांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. आणि शाळेत नेमकं काय बिनसतंय ते जेवताना विचारू नका, चालताना किंवा गाडीत विचारा, नजरेला नजर नसली की मुलं जास्त बोलतात.

त्याच्या वयाला वर्षाला साधारण २ ते ३ किलो आणि ५ ते ६ सेंटीमीटर वाढ अपेक्षित असते. उंची आपल्या रेषेवर असेल तर थोडा धीर धरा. पण वजन वाढायचं सोडून कमी होत असेल, पोट दुखून रात्री जाग येत असेल, वारंवार जुलाब, ताप, शौचातून रक्त असं काही असेल तर ते ताणावर ढकलू नका. आणि वजन घटतंय, तहान खूप लागतेय, रात्री लघवीला उठतोय किंवा अंथरूण ओलं करायला लागलाय असं झालं तर त्याच दिवशी शुगर तपासून घ्या, लहान मुलांचा डायबेटिस असाच सुरू होतो आणि त्यात दिवस घालवून चालत नाही. लक्ष एकाग्र होण्यासाठीची काही औषधं भूक मारतात, तसं काही चालू असेल तर तेही सांगा.

रोज वजन करू का विचारलंत. नको. मुलांचं वजन एका दिवसात पाणी, जेवण, शौच यानं सहज अर्धा-एक किलो इकडेतिकडे होतं, त्या आकड्यावर घरातला मूड वरखाली व्हायला लागला की तोच नवा ताण. काटा कपाटात ठेवा, तीन महिन्यांनी एकदा दोघांचंही वजन आणि उंची एकाच दिवशी घ्या, आकडा मोठ्यानं न वाचता वहीत लिहा. डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या, आणि सोबत दोन आठवड्यांची एक साधी नोंद, झोपले कधी, उठले कधी, शेवटचं खाणं आणि क्लास यात किती तासांचं अंतर होतं, आणि त्या दिवशी मूल खुश होतं का उदास. काय खाल्लं हे लिहिलं नाहीत तरी चालेल, मी तरी या नोंदीतूनच जास्त ओळखू शकते.